इस्माईलभाईंचे उतरते आकडे

"तुमची नोट तेवढी राहिलीय," सर बुधवारी म्हणाले. "ती मिळाली की मी सर्टिफिकेटवर सही करतो. सोमवारी शाळेला द्यायचंय."

मी म्हटलं, आज देते. आणि दिली नाही.

सर म्हणजे आमच्या क्लिनिकचे मानसोपचारतज्ज्ञ. औषधं ते देतात, बोलण्याचं काम माझं. मी समुपदेशक, कोल्हापुरात एकोणीस वर्षं हेच करते. नोट, म्हणजे माझा लेखी अभिप्राय, होती इस्माईलभाईंची. कोडोलीचे, वय शेहेचाळीस, स्वतःची स्कूलबस. पन्हाळ्याच्या बाजूच्या घाटरस्त्यानं रोज तीस मुलं शाळेत न्यायचे आणि घरी सोडायचे. हिवाळ्यात एकदा धुक्यात, वळणावर अचानक समोर मोटरसायकल आली. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला साधं खरचटलंही नाही. पण त्यानंतर ते वळण जवळ आलं की छातीत धडधड, हातांना घाम, श्वास पुरेना. याला आम्ही पॅनिक अटॅक म्हणतो. हृदय ठणठणीत असतं, पण माणसाला वाटतं, आपण आत्ता मरणार. मार्चमध्ये त्यांनी भर वळणावर बस थांबवली आणि पुढे नेताच येईना. आत मुलं रडायला लागली. मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं बस खाली आणून दिली. शाळेनं स्पष्ट सांगितलं, डॉक्टरांचं पत्र आणा, मगच जूनपासून गाडी लावा.

आठ आठवडे ते माझ्याकडे येत होते. उपचार ठरलेला होता. एक्स्पोजर म्हणतात त्याला. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ पायरीपायरीनं जायचं आणि भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं. आधी उभ्या बसमध्ये नुसतं बसायचं. मग इंजिन सुरू करायचं. मग सपाट रस्ता, आणि शेवटी रिकामी बस घेऊन घाट. हे सगळं घरी करायचं आणि मला येऊन सांगायचं. ते अगदी तपशीलवार सांगत. शिवाय दर खेपेला एक फॉर्म भरत. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. बेरीज जितकी कमी, तितका त्रास कमी.

त्यांची बेरीज अशी होती: चौतीस, तीस, सव्वीस, बावीस, अठरा, चौदा, दहा, सहा.

सर त्या आकड्यांवर बेहद्द खूश होते. आमचं यावरून जुनं भांडण आहे, आणि ते आमच्या दोघांचंच नाही, या क्षेत्राचंच आहे. एक बाजू म्हणते, माणसाला बरं करतं ते तंत्र. नीट वापरा, नीट मोजा. दुसरी म्हणते, बरं करतं ते नातं. समोरचा आपलं मनापासून ऐकतोय हे जाणवलं की निम्मं काम झालं. संशोधनाचे गठ्ठे दोन्हीकडे आहेत, त्यामुळे भांडण मिटत नाही. मी दुसऱ्या बाजूची, आणि जरा जास्तच. सरांनी हा फॉर्म आणला तेव्हा मी महिनाभर तोंड वाकडं करून फिरत होते.

इस्माईलभाईंच्या बाबतीत मात्र आकडेही छान होते आणि नातंही. मोकळेपणी बोलायचे, वेळेवर यायचे, जाताना "तुमच्यामुळं जीव भांड्यात पडतोय बगा" म्हणायचे. मग मला चैन का पडत नव्हतं? दोन दिवस मी ती फाईल उघडत होते आणि मिटत होते. दुसऱ्या पेशंटशी बोलतानाही मनात तेच. शेवटी लक्षात आलं. भीती अशी उतरत नाही. पायरी अवघड झाली की ती आधी वर उसळते, मग खाली येते, पुन्हा वर जाते. दर आठवड्याला मोजून चार कमी होणारी भीती मी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती.

सरांना म्हटलं, शेवटची पायरी मी डोळ्यांनी बघते. त्यांच्यासोबत बसमध्ये बसते.

"तुम्ही शेजारी बसलात तर तो तुमच्या जिवावर चालवेल," सर म्हणाले. "त्यातून काय कळणार?"

म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी मी हट्टानं गेले. फोनवर इस्माईलभाई म्हणाले, शुक्रवारी नमाज झाल्यावर तीनला या. एसटी लगेच मिळाली आणि मी दोनलाच कोडोलीत पोचले. वाटेत पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर किती वेळा केली त्याचा हिशेब नाही.

बस घरासमोर उभी होती. काचा बंद, दार उघडं. आत त्यांची बायको नसीमा घामाघूम होऊन काहीतरी आवरत होती. मी पायरीवर चढून पाहिलं. एका सीटच्या पाठीवरून दुसऱ्या सीटच्या पाठीवर काठ्या टाकलेल्या, आणि त्यांवर शेवया वाळत घातलेल्या. पुढून मागपर्यंत. ड्रायव्हरच्या सीटवर परात.

"या की मॅडम, लवकर आलासा," ती म्हणाली. "जरा थांबा, एवढं काढतेच. दोन म्हैनं झालं, गल्लीतल्या समद्यांच्या शेवया हितंच वाळत्यात. काचा लावल्या की धूळ न्हाय, माशी न्हाय. गाडी तरी कुटं हालतीया?"

पेशंटची चौकशी घरच्यांकडे करायची नसते. विचारायची गरजही उरली नव्हती.

इस्माईलभाई नमाज पढून आले. डोक्यावर टोपी तशीच. त्यांनी मला पाहिलं, बसकडे पाहिलं आणि बसच्या पायरीवरच बसले. नसीमा परात घेऊन घरात गेली.

"एकदाही बसला नाहीत आत?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग फॉर्म?"

ते टोपी काढून हातात फिरवत राहिले. "पयल्या दिशी तुमीच म्हणालासा न्हवं, ह्यो कागद सायेब बगत्यात, ही पेशंटची न्हाय, माजी परीक्षा हाय म्हणून. मी चौतीस लिवलं. घरी गेलो तर डोक्यात त्येच. माज्या आकड्यापायी मॅडमना बोलणी बसली आसतील. मग दर खेपंला चार चार कमी करत गेलो. तुमी माज्यासाठी एवढं करतासा, आनि मी तुमाला नापास करायचं व्हय?"

मी तसं म्हटलं होतं. सरांवरचा राग होता, फॉर्म पुढे सरकवताना हसत बोलून गेले होते. कोल्हापूरचा माणूस तोंडावर चार गोष्टी सुनावायला कुणाच्या बापाला भीत नाही. पण ज्याला त्यानं आपलं मानलं, त्याला लोकांत कमीपणा येऊ देत नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझं नातं इतकं घट्ट जुळलं होतं की त्या माणसानं स्वतःचा आजार माझ्यापासून लपवला. मला शरम वाटली.

"आणि मुलं?" मी म्हटलं. "सोमवारी पत्र मिळालं असतं तर तीस मुलं घेऊन घाटात जाणार होता?"

"त्ये पत्र हाती आलं की भ्या जाईल, आसं वाटत हुतं."

मी ते पत्र अडवलं होतं ते केवळ आकड्यांचा संशय आला म्हणून. आकडे त्यांनी जरा वेडेवाकडे लिहिले असते, तर माझी नोट बुधवारीच गेली असती.

त्या दुपारी आम्ही पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. ते ड्रायव्हरच्या सीटवर, मी मागे. इंजिन बंद. दहा मिनिटांत त्यांचा शर्ट भिजला. ते उतरायला निघाले, मी बसा म्हटलं, ते बसले. तासाभरानं श्वास जागेवर आला. मग मी फॉर्म दिला आणि लांब जाऊन उभी राहिले. बेरीज सदतीस आली. त्या पहिल्या चौतीसनंतरचा हा पहिला आकडा, ज्यावर माझा विश्वास बसला.

सरांना सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे दोष फॉर्मचा नाही." त्यावर आम्ही अर्धा तास भांडलो. मग दोघांनी मिळून शाळेचं पत्र थांबवलं.

पुढचे आकडे असे आले: पस्तीस, एकोणचाळीस, एकतीस, तेहेतीस. वर, खाली, पुन्हा वर. दिवाळीच्या सुमारास इस्माईलभाईंनी रिकामी बस एकट्यानं घाटातून वर नेली आणि खाली आणली. मी सोबत नव्हते. सरांचं ते म्हणणं मी मान्य केलं होतं. सर्टिफिकेट त्यांना मिळालं, पण तोवर शाळेनं वर्षभरासाठी दुसरी गाडी ठरवली होती. ते वर्ष त्यांनी दुसऱ्याच्या टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून काढलं.

आता आमच्याकडे फॉर्म माझ्या खोलीबाहेरच भरून घेतात. त्याबद्दल मी पेशंटसमोर चकार शब्द काढत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. पेशंटला आपण आवडायला लागलो की मला पूर्वी बरं वाटायचं. आता तेव्हाच मी जास्त सावध होते.

शेवटच्या भेटीत मी इस्माईलभाईंना सरळ विचारलं, "माझ्यामुळं तुमचं वर्ष गेलं. राग आहे का माझ्यावर?"

"न्हाय मॅडम," ते लगेच म्हणाले. "तुमच्यावर कशाचा राग?"

हे उत्तर खरं धरावं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.