लाल बोरिंग आणि समुद्राची भरती

आमच्या ऑफिसात फाइल वाचली की नाही, हे त्रुटीवरून ठरतं. त्रुटी न काढता फाइल पुढे सरकवली तर वरचे साहेब चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "वाचली नाही वाटतं." म्हणून दूषित जमिनी स्वच्छ करण्याचे जे आराखडे आमच्याकडे मंजुरीला येतात, त्यांना प्रत्येक टेबल एक तरी त्रुटी लावतंच. कोणी म्हणतं अनुक्रमणिका जुळत नाही, कोणी म्हणतं नकाशावर उत्तर दिशा नाही. मी समासाचा माणूस. समास कमी दिसला की माझं डोकंच फिरतं. मग आराखडा करणारा सल्लागार समास वाढवून आणतो, त्यामुळे पानं वाढतात, त्यामुळे अनुक्रमणिका पुन्हा चुकते आणि फाइल पहिल्या टेबलावर परत येते. जमीन बिचारी आहे तिथेच असते.

अशीच एक जमीन शहराच्या कडेला होती. तिथे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, शिसं मातीत राहिलं. लागूनच बौद्ध वस्ती. विहारासमोरच्या हातपंपाला, म्हणजे वस्तीच्या भाषेत बोरिंगला, आमच्याच खात्याने लाल रंग फासला होता. पाणी पिऊ नये, अशी खूण. तेव्हापासून तिथल्या बायका भरधाव ट्रकांमधून हमरस्ता ओलांडून पलीकडच्या नळावरून पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, भरून आणत होत्या.

तेवढ्यात आम्हाला नव्या मॅडम आल्या. त्यांनी फर्मान काढलं की मंजुरीआधी आराखडा वस्तीला समजावून सांगायचा. आम्हाला हे पंगतीला विचारून भाजीत मीठ घालण्यासारखं वाटलं. माझा आवाज चांगला आहे, असा शोध अचानक सगळ्यांना लागला आणि मला पाठवण्यात आलं.

सभेला जागा फक्त विहारात होती आणि वर्षावास सुरू होता. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना मी म्हटलं, दहा मिनिटांत थोडक्यात सांगतो. त्यांनी माझा सारांश घडी घालून माझ्याच हातात दिला.

"ग्रंथाच्या जागी तुमचं वाचा, साहेब. पण इथं जे वाचाले घेतलं ते पयल्या पानापासून आखरीच्या पानापर्यंत वाचतेत. मधातलं सोडत नाहीत. आज नाही झालं तर उद्या या."

आलिया भोगासी म्हणत मी बसलो. खरं तर तो आराखडा सलग वाचणारा खात्यातला मी पहिलाच. माती खणणे, ताडपत्री टाकणे, ट्रक झाकणे असं सगळं मी खड्या आवाजात वाचत गेलो. लोक हात जोडूनच ऐकत होते, सवयीने. दुसऱ्या संध्याकाळी त्याच तालात मी वाचून गेलो, "भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी खड्ड्यात शिरू नये म्हणून काम थांबवावे."

मागून एक ऑटोवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, समुद्र कोणत्या बाजूनं येऊन राहिला? रामटेककडून का?"

सगळा विहार हसला. सल्लागाराने कुठल्या तरी किनाऱ्यावरचा आराखडा जसाच्या तसा उचलला होता, आणि हा समुद्र आमच्या सगळ्या टेबलांवरून, उत्तर दिशा आणि समास दुरुस्त होऊन, पास झाला होता. मीही हसलो. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी शेवटचं पान आलं. जमीन स्वच्छ झाल्याचं प्रमाणपत्र देण्यात येईल, असं वाचून मी आराखडा मिटला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"मंग आमचं बोरिंग कुठी हाय यात?"

मी पानं उलटली. बोरिंग नव्हतं. माती जाणार, नवी माती येणार, फाइल बंद होणार. पाणी कोणीच तपासणार नव्हतं आणि लाल रंग तसाच राहणार होता.

"समुद्र हाय," बाई म्हणाल्या, "बोरिंग काहून नाही?"

मला लाज वाटली आणि रागही आला. हा राग समासाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकच त्रुटी लिहिली: समुद्र आहे, बोरिंग नाही. ती वाचून मॅडमनी नवा नियम केला की सगळ्या टेबलांनी एकत्र बसून आराखडा मोठ्याने वाचायचा आणि त्रुटी एकदाच काढायच्या. एकाने घसा बसल्याचं कारण देऊन रजा टाकली. आराखडा परत आला तो निम्म्याने बारीक होऊन, समुद्राशिवाय आणि बोरिंगसकट. माती गेली. मग पाणी पुन्हा पुन्हा तपासलं, एक अख्खा पावसाळा मधे जाऊ दिला आणि पाणी पिण्याजोगं आहे या अहवालावर मी सही केली.

बोरिंगला निळा रंग लागला त्या दिवशी मी गेलो होतो. अध्यक्षबाईंनी स्वतः दांडा मारून गडवा भरला आणि माझ्यापुढे धरला. मागे बायका आपापले गुंड घेऊन उभ्या होत्या.

"आधी तुम्ही घ्या," मी म्हटलं.

"नाही बाप्पा. सही तुमची हाय. पयले तुमी."

एवढ्या वर्षांत इतक्या सह्या केल्या, त्यातली एकही अशी गडव्यात भरून समोर आली नव्हती. मी गडवा तोंडाला लावला. पाणी गार होतं, किंचित खारट. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, मधलं काही सोडलं नाही. रिकामा गडवा बाईंनी आत डोकावून पाहिला, मग पदर खोचला आणि आपला गुंड बोरिंगखाली लावला.