समोरासमोरचे दोन बाण

बापूसाहेब गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, सुनंदाताईंनी केला तेव्हा मी वर्गावर निघालो होतो. फोन ठेवला आणि नेहमीसारखा तास घेतला. त्या दिवशी रडू आलं नाही, महिना उलटला तरी आलेलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर मी लिहावं हा आग्रह सुनंदाताईंचाच. पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची रीत या वेळी माझ्याकडून पाळली जाणार नाही, हे त्यांना मी आधीच सांगितलंय.

आधी उपकार सांगतो. शाहूवाडीतल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. कोल्हापुरात वसतिगृहात जागा मिळेना, ती तिथलं बडं प्रस्थ असलेल्या बापूसाहेबांच्या एका शब्दावर मिळाली. नाहीतर मी भाताच्या खाचरात परतलो असतो. हे मी कधी विसरलो नाही, आणि त्यांनी कधी विसरू दिलं नाही.

त्यांना नाद होता जुन्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरांचा. मधोमध मोडून उघडणारी, मुठीखाली गोफ अडकवायची कडी असलेली ती हत्यारं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात रीतसर परवान्यांनिशी असत. प्रत्येकापुढे एक कार्ड. अक्षर चांगलं आणि इतिहासाचा पदवीधर, म्हणून कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. पोलादावरचे सरकारी ठसे वाचायला त्यांनीच शिकवलं. एक बाण म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक भिडवून समोरासमोर, म्हणजे सरकारने तो माल रीतसर विकला.

त्यातलं एक रिव्हॉल्व्हर माझ्या आजोबांचं. ते फौजेत सुभेदार होते, निवृत्तीच्या वेळी त्यांनी ते सरकारकडून घेतलं होतं. खरेदीचा कागद वाळवीने खाल्ला. त्यांच्यामागे वडिलांना ते सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी ते बापूसाहेबांच्या परवान्यावर चढवून दिलं. त्याच वर्षी मला वसतिगृह मिळालं.

खंडेनवमीला बापूसाहेब सगळी हत्यारं लाल कापडावर मांडत आणि पाहुण्यांना एकेकाची गोष्ट सांगत. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरपाशी आले की आवाज चढे. "ह्यो सुभेदार लई बेरकी. साहेब आंघोळीला गेला आन् ह्यानं पट्ट्यासकट लांबवलं." पाहुणे पोट धरून हसत. एकदा मला म्हणाले, "मास्तर, कार्डावर लिवा की, चोरीचे."

मी लिहिलं... सुवाच्य अक्षरात. वसतिगृह आठवलं आणि हात चालला.

पुढच्या एका खंडेनवमीला वडील आले. हत्याराला हळदकुंकू लावायचं नाही, धातू खराब होतो, हा बापूसाहेबांचा दंडक त्यांना ठाऊक नव्हता. सवयीने त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि आजोबांच्या रिव्हॉल्व्हरवर अंगठ्याएवढा ओला टिळा लावला.

"अरं ए, औत हाय व्हय ते, कुंकू लावायला?"

वडिलांनी हात मागे घेतला. "घरात दरसाली लावत हुतो की, बापूसाहेब."

"तुझ्या घरात हुतं तवा हुतं."

बापूसाहेबांनी तेलाच्या फडक्याने कुंकू पुसलं. वरचं गेलं, पण काळवंडलेल्या पोलादात इतकी वर्षं कुणाला न दिसलेल्या बारीक खाचांत ते भरून बसलं, आणि खाचा लाल उठून दिसल्या. दोन बाण. टोकाला टोक.

मी पाहिले. बापूसाहेबांनीही पाहिले, कारण फडकं थांबलं. मी हळूच विचारलं, "कार्ड बदलू का?"

त्यांनी रिव्हॉल्व्हर दुसऱ्या कुशीवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे की. गोष्ट मोडती."

वडिलांना काहीच कळलं नव्हतं. ते दाराशी उभे राहून फडक्याला लागलेल्या कुंकवाबद्दल माफी मागत होते. मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं, पाहुण्यांसमोर, मोठ्याने. बोललो नाही. पुढे दोन वर्षांनी वडील गेले, आपल्या बापावरचा चोरीचा आळ मनात घेऊन. बापूसाहेबांना मी याची माफी दिलेली नाही. स्वतःलाही नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदाताईंनी बोलावलं. परवानाधारक गेल्यावर हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, त्याची यादी त्या कार्डांवरून उतरवत होत्या. आजोबांच्या कार्डापाशी थांबल्या. "चोरीचं म्हणून लिहिलंय. असंच देऊ का? अक्षर तर तुमचंच आहे."

मी रिव्हॉल्व्हर मागितलं. कपाटात ते अजून त्याच कुशीवर होतं. उलटं केलं. तेलाचे कितीतरी हात फिरले असतील, तरी बाणांच्या खाचांत कुंकू होतं, विटकरी झालेलं. मी त्यांना बाण दाखवले, अर्थ सांगितला, आणि त्यांच्या वडिलांना तो ठाऊक होता हेही सांगितलं. त्यांनी कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

त्यावर आजोबांचं नाव, हुद्दा आणि गाव लिहिलं. खाली लिहिलं, सरकारकडून रीतसर घेतलेले.

परत ठेवताना ते लाल बाण मी वरच्या बाजूला ठेवले. फडकं तिथेच पडलं होतं. त्याला हात लावला नाही.