सदाफुलीच्या रसापायी फरीदाबाद

फरीदाबादला कोणी फिरायला जात नाही, असं मला चौघांनी सांगितलं. मी गेले, आणि धाकट्या बहिणीला, सुधाला, जवळजवळ ओढून नेलं. तिला लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे. केमोची दोन सलाइन उरली असताना तिने हॉस्पिटल सोडलं आणि सदाफुलीच्या पानांचा रस प्यायला लागली. रस देणारा ‘वैद्य’ फरीदाबादच्याच एका नव्या टॉवरखाली काचेच्या दुकानात बसतो. आधी तो तिथलेच फ्लॅट विकायचा.

दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरहून जायचं तर आयएनएला मेट्रो धरा, सेंट्रल सेक्रेटरिएटला बदला आणि बदरपूरला उतरा. लाइन पुढे फरीदाबादपर्यंत जाते, पण मथुरा रोड जवळून बघायचा तर इथेच. पुढे शेअर ऑटो, माणशी वीस रुपये. ऑटोवाला चाळीस सांगेल, तुम्ही सरळ बसा. मथुरा रोडवर बंद कारखान्यांच्या भिंतींवर युरोपात राहिल्यासारखं वाटेल अशा घरांच्या जाहिराती आहेत. धूळ मात्र अस्सल हरयाणवी. नाक्यावरचे छोले-कुलचे उत्तम. सुधाने दोन घास खाल्ले.

आम्ही निघालो होतो फरीदाबादमधल्या रुख्सानाच्या प्रयोगशाळेत. ती शेजारणीची भाची, मूळची लातूरची. गावोगावच्या औषधी वनस्पतींत कर्करोगावर चालेल असा घटक सापडतो का, हे तिची प्रयोगशाळा शोधते. तिथे प्रत्येक झाडाची वाळलेली फांदी कागदावर चिकटवलेली असते आणि खाली ते झाड दाखवणाऱ्या माणसाचं नाव, गाव. बाईचं असेल तर बाईचं. मला हे फार आवडलं.

तिने सुधाला सूक्ष्मदर्शकाखाली एका रानवेलीच्या अर्काने मेलेल्या कर्करोगाच्या पेशी दाखवल्या. सुधाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मग रुख्सानाने दुसरी बशी सरकवली.

“या निरोगी पेशी, मावशी. त्याच अर्काने याही मेल्या.”

म्हणून ती वेल बाद. बहुतेक बादच होतात, ती म्हणाली. मग तिने सुधाची फाइल मागून घेतली आणि एका औषधाच्या नावावर बोट ठेवलं.

“हे सदाफुलीतूनच काढतात. पोतंभर पानांतून चिमूटभरसुद्धा निघत नाही. सलाइनमध्ये ते तुमच्या अंगाला झेपेल इतकं मोजून देतात. रसात किती उतरतं, कोणालाच माहीत नाही. जास्त झालं तर नसा खराब होतात.”

सुधाने फाइल स्वतःकडे ओढून ते नाव वाचलं. सदाफुलीसाठी तिने सदाफुलीच सोडली होती.

“मला हे आधी कोणी का नाही सांगितलं?” ती म्हणाली.

नन्सनी मला शाळेत शिकवलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी ते कधी ऐकलं नाही.  तीन आठवडे मी तिला अडाणी, हट्टी, मूर्ख म्हणत होते. फाइल उघडून समजावायला एकदाही बसले नव्हते. तिच्या डॉक्टरांनाही दोन मिनिटं फुरसत झाली नव्हती, आणि त्याबद्दल मी त्यांना सोडणार नाही.

घरी पोचताच सुधाने स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. तेवढ्यात वैद्याचा आला. त्याला तिने शांतपणे विचारलं, तुमच्या रसात औषध किती मिलिग्रॅम? त्याने फोन ठेवला.

“उद्या सातला निघायचंय,” ती मला म्हणाली. “डॉक्टरांशी मी बोलणार. तू गप्प बसणार असशील तर चल.”

मी जाणार आहे. गप्प बसण्याचं वचन मी दिलेलं नाही.