मिलकाबाई आधी बसत नसत

धुळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत मिलकाबाई राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मूळच्या पेणकडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. निम्म्या गल्लीची नाळ त्यांनी कापलेली, त्यामुळे कुणाचाही कान धरायचा त्यांना हक्क होता आणि तो त्या मनसोक्त वापरायच्या.

आम्ही ख्रिस्ती. माझे सासरे लोटन आबा शिंदखेड्याकडचे, मिशनच्या शाळेत शिपाई होते. सासू मात्र मी लग्न होऊन यायच्या आधीच वारली. शनिवारी मिलकाबाईंचा शब्बाथ, त्या दिवशी त्या चूल पेटवत नसत, म्हणून त्यांचं जेवण आमच्याकडून जायचं. रविवारी आम्ही घरदार चर्चला, तर आमचा स्वयंपाक त्या करून ठेवायच्या. माझ्या वरणाला त्या नावं ठेवायच्या, मी त्यांच्या वरणातल्या नारळाला. झकास चाललं होतं.

भांडण एकाच गोष्टीचं. पिकल्या केसांचं माणूस समोर आलं की उठून उभं राहायचं, ही मिलकाबाईंच्या धर्मातली आज्ञा. मोशेचं शास्त्र आम्हीही मानतो, त्यामुळे आबांनाही तीच शिकवण. आता केस तर दोघांचेही पांढरेशुभ्र! आबा दारात आले की त्या उठायच्या, आणि त्या उभ्या म्हटल्यावर आबा काही बसायचे नाहीत. जन्मसाल दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या म्हणायच्या आबा वयानं मोठे, आबा त्यांना मुद्दाम अक्का म्हणायचे. मी चहा घेऊन ताटकळायची, चहा गार व्हायचा, आणि ही दोघं समोरासमोर खांबासारखी उभी. डोकं फिरायचं माझं. शेवटी मी ओरडले की दोघं एकदम बसायची.

अडुसष्ट साली मिलकाबाई न्हाणीत घसरल्या. कंबर धरली ती धरलीच. ते कळल्यावर त्यांचा भाचा हायम मुंबईहून आला. तो बायकोमुलांना घेऊन कायमचा इस्रायलला निघाला होता. आत्यालाही नेतो म्हणाला.

खरं सांगते, मला त्याचा रागच आला. पण माणूस वाईट नव्हता हो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागं टाकून जाणं आपल्या धर्मात बसतं का, असं तो आत्याला कळवळून विचारत होता. मिलकाबाईंना जायचं नव्हतं, आदल्याच दिवशी माझ्यापाशी रडल्या होत्या. पण अशा कंबरेनिशी परक्यांच्या गळ्यात पडायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून राहते असंही तोंडातून निघेना.

मी म्हटलं, आम्ही बघू की त्यांचं.

"ताई, तुम्ही तिच्या कोण लागता?" हायमनं विचारलं.

येशूनं क्रुसावरून आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं, आजपासून ही तुझी आई म्हणून. दर गुड फ्रायडेला हे ऐकून मी डोळे पुसते, आणि ऐन वेळी माझी दातखीळ बसली. इतका संताप आला स्वतःचा!

तेवढ्यात आबा आले. सवयीनं मिलकाबाईंनी उठायला भिंतीला हात टेकला. अर्ध्यावर आल्या, आणि कळ आली तशा मटकन खाली बसल्या. पुन्हा जोर केला, जमेना. तोंडावर पदर घेऊन त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

आबा मात्र हसले.

"आते बठनी ना? मंग मोठी तूच शे," ते म्हणाले. "मोठी बहीननं बठ्ठं आम्हीन करसूत." आता तू आधी बसलीस ना, मग मोठी तूच, आणि मोठ्या बहिणीचं सगळं आम्ही करू, असं त्यांच्या अहिराणीत.

मग हायमकडे वळून त्यांनी शांतपणे सांगितलं, की म्हाताऱ्या माणसाला मागं टाकू नये हे तुझं खरं, पण न विचारता उचलून नेणं हाही काही मान नव्हे. आधी तिला विचार. हायम ओशाळला. मीही ओशाळले, कारण आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरूनच भांडत होतो.

त्यानं विचारलं. मिलकाबाईंनी डोळे पुसले आणि मला इथंच राहायचंय म्हणून स्पष्ट सांगितलं.

हायमनं आत्याच्या हातांना हात लावून आपली बोटं ओठांना टेकवली, त्यांच्यातली मान देण्याची ती रीत. निघताना एवढंच विचारलं, तिकडून पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू.

"सुनेच्या घरी राहते म्हणून लिही," मिलकाबाई म्हणाल्या. "कुंदाबाई तिचं नाव."

मी तोंडाला पदर लावून आत पळाले आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले. मला सासू मिळाली होती.