काळूराम भोपीचा शेवटचा जिताडा

ता. २२ सप्टेंबर १९५९ रोजी पनवेल खाडीच्या बांधावरील उघाडीविषयीचा आमचा अर्ज "तक्रारीत तथ्य नाही" असा शेरा मारून निकालात काढण्यात आला. मागणी एवढीच होती की, आषाढ-श्रावणातील चार उधाणांना उघाडीच्या लोखंडी झडपा दोन-दोन तास वर उचलाव्यात, म्हणजे जिताडा माशाची पिले खाडीतून आत येतील. अर्ज मी लिहिला होता. बावीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवीत आहे. त्या अर्जात एकही अनुस्वार गळलेला नव्हता. तरीही तो फेटाळला गेला, आणि तो कसा फेटाळला गेला हे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

अर्ज ज्याच्यासाठी लिहिला तो काळूराम भोपी जुन्या उघाडीचा राखणदार. उघाडी म्हणजे खारबांधातले दार. ओहोटीला त्यातून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीचे खारे पाणी अडवायचे. जुने दार सागाचे होते आणि त्याच्या खालच्या दोन फळ्यांत दोन बोटांची फट होती. ही फट काळूरामच्या आजाने बुजवली नाही, बापाने बुजवली नाही, आणि काळूराम तर ती दर वर्षी कोयत्याच्या टोकाने साफ करी. उधाणाच्या भरतीला त्या फटीतून जिताड्याची बोटाएवढी पिले शेताच्या चरांत शिरत. काळूराम गुडघाभर चिखलात उभा राहून ती ओंजळीने मडक्यात घेई आणि गावोगावच्या तळ्यांत सोडून येई. गढूळ पाण्यात जिताड्याचे पिलू आणि बोय माशाचे पिलू डोळ्यांना वेगळे दिसत नाही. काळूराम म्हणे, "हाताला गुदगुली करतो तो जिताडा. बोय नुसती पलते." मीही एकदा हात घातला होता. मला खेकडा चावला.

तळ्यात तीन-चार वर्षे पोसलेला जिताडा आमच्याकडे केवळ जेवणासाठी नसतो. जमिनीची नोंद अडली, विहिरीचा परवाना रखडला, की कागदासोबत एक जिताडा कचेरीत जातो. ही रीत मला कधीच मान्य नव्हती. माझ्या घरासमोरील गटाराविषयी मी सात वर्षांत एकोणीस अर्ज केले. शेजारच्या भातगिरणीवाल्याने एक अर्ज केला आणि एक जिताडा पाठवला. गटार त्याच्या दारापर्यंत बांधले गेले व तेथेच थांबले. त्यावर काळूरामने मला शहाणपण शिकवले, "मास्तर, तुमचा कागूद कोरडा हाय. कोरडा कागूद वाऱ्यानं उडून जातो."

सन १९५५ मध्ये नवा बांध झाला. लोखंडी झडपा आल्या, त्यांना कुलूप आले, आणि किल्ली कचेरीत गेली. कंत्राटदाराच्या माणसाने अभिमानाने सांगितले की, यातून मुंगीसुद्धा आत येणार नाही.

"मुंगीला कशाला अडवता?" काळूराम म्हणाला. "ती कवा खाडीतून येते?"

त्या पावसाळ्यात कोठून तरी झिरपून सतरा पिले त्याच्या मडक्यात आली. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी जे आले ते घरी नेल्यावर बेडूक निघाले. बाहेरच्या बाजूला मात्र पिले झडपेशी दाटीने गोळा होत. लोक ती टोपल्यांनी उपसून जवळ्यासारखी उन्हात वाळवू लागले, तेव्हा खाडीतही मोठा जिताडा दुर्मिळ झाला. चरांतले कोवळे खेकडे खाणारे कोणी उरले नाही. खेकड्यांनी शेतांचे बांध पोखरले आणि भाताचे पाणी वाहून जाऊ लागले. नवा बांध भातासाठीच घातला होता, हे येथे नमूद करतो. एक पाणकावळा वर्षभर झडपेवर पंख वाळवीत बसत असे. शेवटी तोही, बहुधा बदली मागून, कर्नाळ्याकडे निघून गेला. काळूरामला मात्र बदली मागण्याची सोय नव्हती. साठाव्या वर्षी त्याच्याजवळ एक रिकामे मडके आणि गुदगुली ओळखणारा हात, एवढेच शिल्लक होते.

म्हणून मी अर्ज लिहिला आणि त्याच्या अंगठ्यासाठी त्याच्या अंगणात गेलो. काळूरामने अंगठा उमटवला, लुंगीला पुसला आणि विचारले, "यासंगती काय द्याचा, मास्तर?"

"सत्य," मी म्हणालो.

त्याची बायको हौसा पाटीत कोळंबी सोलीत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "ते किती शेर भरतंय?"

त्यांच्या घरामागच्या तळ्यात एक जिताडा अजून होता. सहा वर्षांची मादी; सगळे तिला म्हातारी म्हणत. हौसा तिला रोज कोळंबीची डोकी टाकी. मोठ्या मादीच्या पोटात मोठी गाभोळी, हे काळूराम कोणत्याही पुस्तकावाचून जाणत होता. येत्या ज्येष्ठात तिला बांधापलीकडे सोडायचे त्याच्या मनात होते.

"लाखानं अंडी घालील ती," तो म्हणाला.

"घालील," हौसा म्हणाली. "पोरं येतील, आनि झडपेवर डोकी आपटतील. आदी दार उघड, मंग बालंतपनं कर."

काळूरामने एकदा तळ्याकडे पाहिले. मग उठून जाळे काढू लागला. बावीस वर्षे मी मुलांना लाचलुचपतीवर निबंध लिहायला लावले आहेत. त्या अंगणात मी जाळ्याचे दुसरे टोक धरले. मला गटार आठवत होते.

कचेरीतले साहेब नवे होते, आणि दुर्दैवाने प्रामाणिक निघाले. काळूरामने ओले गोणपाट उलगडले तेव्हा दोन कारकून खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"जिताडा, सायेब. तुमच्यासाठी."

"मी भेट घेत नाही. अर्जासोबत आणला आहे ना? मग हे सहपत्र. लिहून घ्या."

कारकुनाने लिहिले, "सहपत्र एक, मासा." साहेबांनी म्हातारीचे वजन करवले. नऊ शेर भरले.

"हा कोठला?"

"आपल्या खाडीतला!" काळूराम छाती काढून म्हणाला. खोटे बोलणे त्याला जमत नाही.

मी पुढे झालो. "साहेब, तो सहा वर्षांपूर्वी, जुनी उघाडी असताना आत आला. त्यानंतर तळ्यात वाढला."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "आपण लिहिता की, या भागात जिताडा आता नावालाही उरलेला नाही."

"होय."

"आणि हा टेबलावर आहे."

यावर कोणते व्याकरण चालावे? चार दिवसांनी निकाल आला: "खाडीत नऊ शेर वजनाचे मासे अद्याप मिळतात, हे अर्जदारांनी स्वतःच सिद्ध केले आहे. सबब तक्रारीत तथ्य नाही; झडपा उघडण्याचे कारण दिसत नाही." सहपत्र नाशवंत असल्यामुळे शिपायांनी त्याच दुपारी त्याची विल्हेवाट लावली होती. वास बंदरापर्यंत येत होता, आणि चांगला येत होता.

निकाल मी काळूरामला वाचून दाखवला. तो म्हणाला, "बारका नेला असता तर, मास्तर?"

"बारका होता कोठे?"

"व्हय," तो म्हणाला. "बारका नव्हताच."

हौसाने कोळंबीची डोकी कोंबड्यांपुढे टाकली. "तुमचं सत्यच न्यायचं व्हतं, मास्तर. ते कुनी खाल्लं नसतं."

मी दुसरा अर्ज लिहिला आहे. त्यात या निकालाची नक्कल, खेकड्यांनी पोखरलेल्या बांधांची यादी आणि काळूरामचा जबाब जोडला आहे. ज्येष्ठ लागण्यापूर्वी तो वर पोचला पाहिजे, नाहीतर आणखी एका वर्षाची पिले बाहेरच मरतील. तेव्हा वाचकांनी पनवेलास माझ्या घरी येऊन त्यावर सही किंवा अंगठा करावा. ज्यांच्या तळ्यात अजून एखादा मोठा जिताडा असेल, त्यांनी तो बांधापलीकडे खाडीत सोडावा. कचेरीत कोणीही मासा नेऊ नये.