एका डीपीवरच्या अकरा मोटारी

वरूडच्या आमच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या चाचांवर अन्याय झाला तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी चार, तालुक्याच्या तीन कचेऱ्यांत. तुम्ही म्हणाल, असं रोजच होतं. म्हणून तर लिहितो आहे.

चाचा जळालेली मोटार उघडत, काळी पडलेली तार नाकाशी नेत आणि म्हणत, "ही मेली नाही. मारली हिले."

"चाचा, पाणी खोल गेलं. मोठी मोटार टाकू का?" शेतकरी विचारी.

"टाक ना. मंग शेजारी तुह्याहून मोठी टाकते. मंग डीपी, सारा ट्रान्सफॉर्मरच, जळते. मंग सारे माह्याच दुकानात. मजा हाये माही!"

ती वर्षं कापूसवाल्यांच्या मरणाची. संत्रावाले सुखी, असं आम्ही कार्यकर्तेही समजत होतो. मी दोन पत्रकं वाटायचो: एक 'पाणी वाचवा', दुसरं 'वीज द्या'. चाचांनी दोन्ही वाचली. "रोग एक, अन् तू दोन डॉक्टरच्या चिठ्ठ्या देऊन राहिला?"

संत्र्याला फूल यावं म्हणून हिवाळ्यात झाड तहानलेलं ठेवतात. त्याला ताण म्हणतात. संक्रांत झाली की सगळे एकदमच ताण तोडतात, म्हणजे पाणी सोडतात; एकदमच मोटारी चालू. चाचांनी हे प्लायवूडच्या फळीवर मांडलं. पाणी म्हणून सलाईनची बाटली, बोअर म्हणून अकरा नळ्या, मोटारी म्हणून टॉर्चचे अकरा बल्ब, सगळ्यांना मिळून एक बॅटरी. सगळे लावले की बल्ब विझू विझू होत आणि नळ्या हवा ओढत. तीन-तीन लावले की नीट चालत.

चाचांच्या दुकानाजवळच्या डीपीवरून वीज घेणारे अकराही शेतकरी पाळीला तयार झाले. अट एकच. "शेवटच्या पाळीपर्यंत लाइन राहीन, असा साहेबाचा शब्द आना. नाही तर ज्याची पाळी शेवटी, त्याची झाडं मेली समजा."

फळी घेऊन मी आणि चाचा कचेऱ्यांत गेलो. वीजवाले म्हणाले, पाणी आमच्याकडे नाही. पाणीवाले म्हणाले, झाडांचं कृषीत विचारा. कृषीचे साहेब फळी निरखून पाहून हसले. "छान आहे. शाळेच्या प्रदर्शनात ठेवा." मी भांडायला उठलो. चाचांनी बाही धरली. "काहून ओरडतं? तो हसला तरी. बाकीच्यांनी पाह्यलंबी नाही."

शब्द मिळाला नाही म्हटल्यावर कोण थांबणार? दुसऱ्या दिवशी अकराही मोटारी एकदम सुरू झाल्या. दुपारी डीपी जळाली. नवी यायला इतके दिवस गेले की तोवर फांद्या वाळून काडीसारख्या तुटत होत्या. होळीच्या आत बागांत करवती फिरल्या.

बागाच गेल्या, मोटारी कोण आणणार? चाचा दुकान बंद करून अकोल्याला जुन्या शहरात लेकीकडे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा टेबलफॅन उघडून बसले होते. "आता पंखेच करतो. पंख्याले पाणी लागत नाही." त्याच पावसाळ्यात ते वारले. मला महिन्यानं कळलं.

साहेब आजही वेगवेगळ्या इमारतींत बसतात. शब्द मिळेल असं मला वाटत नाही. तरी सांगतो, तुमच्या डीपीवरची सगळी माणसं घेऊन ताण तोडायच्या आधी तालुक्याला जा. तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवा, पाळीचा कागद पुढे ठेवा, आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय उठू नका.