वाम, बाबा आणि सतराचा पाढा

पाण्याखालची लढाई मला कधीच जमली नाही. जमिनीवर मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. हातात तलवार द्या आणि समोर कितीही राक्षस उभे करा. पण टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममध्ये पाणी आलं की माझं डोकं फिरतं. वार करावा तर हात उशिरा पोचतो, पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही, वर कुठलं नि खाली कुठलं तेच कळत नाही, आणि कोपऱ्यातली हवेची निळी पट्टी आपली भराभर कमी होत असते. पट्टी संपली की आपला पाणबुड्या मेला.

या खेळात एक बुडालेलं शहर होतं आणि त्याच्या तळाशी एक भलीमोठी वाम, म्हणजे सापासारखा लांबच लांब मासा. ती मला तीन आठवडे मारत होती. देवासच्या एका शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि दर रविवारी दुपारी दार लावून एका माशाकडून मार खाते, हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

बाबांना माहीत होतं, कारण ते मागच्या पलंगावर बसलेले असायचे. उभी हयात धारला पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढलेला माणूस. फुप्फुसं बिघडली तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं देवासला आणलं. श्वासाला सारखी घरघर, बोटाला ऑक्सीमीटर, उशाशी ऑक्सिजनची मशीन. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. आकडा नव्वदच्या खाली गेला की मशीन लावायची, आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही. "साँस रोकना नहीं, बाबूजी," असं ते दोनदा म्हणाले. बाबांनी मान हलवली. त्यांनी मान हलवली म्हणजे ऐकलं असं नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आधी त्यांनी खेळाची टर उडवली. "आपल्या धार जिल्ह्यात धरणात बुडालेली गावं काय कमी आहेत, म्हणून तू टीव्हीवर बघतेस?" मग त्यांचाच जीव त्यात गुंतला. तरुणपणी नेमावरला नर्मदेत बुडी मारली की दोस्त किनाऱ्यावर आकडे मोजत बसायचे आणि घाबरून जायचे, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. आता ते मागून शिकवू लागले. पाणबुड्याला ते भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. "भिया, पाण्याशी भांडू नको. वळायच्या आधी थांब. वर कुठलं ते कळेना तर बुडबुडे बघ, ते जातात तिकडे वर." मी वैतागायचे, "बाबा, हा खेळ आहे, नर्मदा नाही." पण बुडबुड्यांचं खरं निघालं. त्यानंतर मी पाण्यात वाट चुकले नाही.

त्या रविवारी मी जवळजवळ पुरी हवा राखून वामीपाशी पोचले. ती अंधारातून आली. मी थांबले, वळले, भाला खुपसला. पुन्हा आली, पुन्हा खुपसला. तिची अर्धी ताकद गेली. असं आजवर झालं नव्हतं. खोली अगदी शांत होती आणि मला ती शांतता फार बरी वाटली. चौथ्या वाराला लक्षात आलं की आमच्या घरात इतकं शांत कधीच नसतं. बाबांची घरघर थांबली होती.

मी वळून पाहिलं. बाबा ताठ बसले होते. गाल फुगलेले, ओठ निळसर, नजर पडद्यावर. ऑक्सीमीटरचं बोट त्यांनी मुठीत लपवलं होतं.

"बाबा, श्वास घ्या."

त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या हातानं पडद्याकडे खूण केली. भिया वर आल्याशिवाय ते श्वास घेणार नव्हते. या खेळात लढाई मधेच थांबवता येत नाही, आणि तळापासून वर यायला अर्धं मिनिट तरी लागलं असतं. मी उठले आणि भिंतीतला टीव्हीचा प्लग उपटला.

पडदा काळा झाला तसा त्यांनी श्वास घेतला, आणि मग खोकल्याची अशी उबळ आली की ते पलंगावर आडवेच झाले. मी मशीन लावली. आकडा ब्याऐंशी. माझं तोंड सुटलं होतं. अक्कल गहाण ठेवलीय का, मरायचंच असेल तर धारला जाऊन मरा, असलं काहीबाही मी बोलले. त्याची मला आजही लाज वाटते. आकडा नव्वदवर यायला बराच वेळ लागला.

मग मास्कच्या आडून ते म्हणाले, "पंचवीस आकडे मोजून झाले होते. अजून जमतं का, ते बघत होतो गं."

मी टीव्हीवर चादर टाकली. खेळ बंद. दोन रविवार ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि पोळी अर्धी ठेवून उठले. ते बघवेना, तेव्हा आमचा करार झाला. भिया पाण्याखाली असेपर्यंत बाबांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे. माझे पाढे हिंदी शाळेतले, त्यांचे त्यांच्या वडिलांनी घोकून घेतलेले जुने मराठी. तोंड चालू असलं की श्वास रोखता येत नाही, एवढाच माझा हिशेब. पण त्यात माझे कान सगळे मागे लागलेले, आणि वाम मला पुन्हा मारू लागली.

गेल्या महिन्यात मात्र ती अगदी टेकीला आली होती. फक्त एक वार उरला होता, आणि हवाही जेमतेम एका वाराची. मागून दमत दमत आवाज येत होता, "सतरा पाचे पंच्याऐंशी." वाम वळली. मी थांबले, भाला उचलला.

"सतरा साते," बाबा म्हणाले, आणि आवाज थांबला.

मी कंट्रोलर टाकून वळले. ते तोंड उघडं ठेवून, कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत होते. बोटावरचा आकडा त्र्याण्णव होता.

"सतरा साते किती गं?"

माझ्या पाठीमागे भिया बुडाला, त्याचा आवाज झाला. मला रडू आवरेना.

"एकशे एकोणीस," मी म्हटलं. "पुढे म्हणा, बाबा. थांबू नका."